औषधाचा गुण राखावा कसा?

मुंबईच्या बाजारांत चिकूच्या पाटीपुढें उभें राहिलेलें गिऱ्हाईक बहुधा एकच प्रश्न विचारतें, ‘घोलवडचा आहे ना?’ डहाणू तालुक्यांतील घोलवड, बोर्डी आणि भोंवतालच्या गांवांनीं हा लौकिक कित्येक पिढ्या सांभाळला आहे. २०१६ सालीं ‘डहाणू घोलवड चिकू’ या नांवास भौगोलिक मानांकन मिळालें, आणि जें नांव ग्राहकांच्या तोंडीं पूर्वीपासूनच होतें त्यास कायद्याचें संरक्षण लाभलें. परंतु ज्या चिकूला आपण दोन पैसे अधिक देतों, तो पावसाळ्याचे चार महिने झाडावर टिकवून धरण्यासाठीं बागाइतदाराला एका डोळ्यांना न दिसणाऱ्या शत्रूशीं झगडावें लागतें. हा शत्रू म्हणजे बुरशी. तिच्यावर औषधें आहेत आणि तीं गुणकारीही आहेत. मग अडचण कोठें आहे? अडचण अशी कीं, औषधाचा गुण कायमचा नसतो. तो वापरानें सरतो. तो कसा सरतो, आणि अधिक काळ टिकावा म्हणून काय करतां येईल, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे दोन शेजारी तालुके. २०१४ सालच्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा वेगळा होण्यापूर्वीं ते ठाणे जिल्ह्यांत मोडत. डहाणूच्या पश्चिमेस समुद्र. त्या किनारपट्टीवर चिकूच्या दाट आणि जुन्या बागा आहेत. त्या उभारण्यांत पारशी आणि इराणी बागाइतदारांचा वांटा मोठा आहे. वाणगांवच्या बाजूस मिरचीचे मळे लागतात. तेथून पूर्वेकडे आणि उत्तरेकडे, गुजरातच्या सीमेला भिडलेल्या तलासरीकडे वळलें, कीं वारली शेतकऱ्यांचीं भाताचीं लहान लहान खाचरें सुरू होतात. एकाकडे कैक एकरांची बाग, तर दुसऱ्याकडे चार गुंठ्यांचा वाफा. परंतु पाऊस दोघांवर सारखाच पडतो, आणि ओलाव्यावर जगणारी बुरशीही मालक पाहून पिकावर बसत नाहीं.

प्रत्येक पिकाची बुरशी निराळी. भातावर करपा पडतो. मिरचीवर भुरी येते, आणि पिकत्या फळावर काळे खोलगट डाग पडून तें कुजतें. चिकूच्या पानांवर ठिपक्यांचा रोग पडतो. पण त्याहून भय असतें तें भर पावसांतील फळकुजीचें. चिकूच्या झाडावर वर्षभर फूल आणि फळ एकाच वेळीं असतें. त्यामुळें आषाढ-श्रावणांतही झाड भरलेलें असतें, आणि नेमक्या त्याच वेळीं फायटोप्थोरा नांवाचा जीव फळांवर हल्ला करतो. शास्त्रज्ञ त्याला खऱ्या बुरशींत गणत नाहींत. तपकिरी शेवाळांशीं त्याचें दूरचें नातें आहे. त्याचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरांतून चक्क पोहत जातात. जमिनीवर कुजत पडलेल्या फळावरून पावसाचा थेंब उडतो, खालच्या फांदीवरील फळाला लागतो, आणि थोड्याच दिवसांत झाडाखालीं सडक्या फळांचा सडा पडतो. चिकूच्या हवामानाधारित पीकविम्यांत पाऊस आणि हवेंतील आर्द्रता हेच निकष धरलेले आहेत, तें याच कारणानें.

बुरशीवरील औषधांचा इतिहास मोठा मौजेचा आहे. फ्रान्समधील बोर्दो शहराजवळच्या द्राक्षमळ्यांतून वाटसरू द्राक्षें तोडून नेत. त्यांना भिवविण्यासाठीं मळेवाले रस्त्यालगतच्या वेलींवर मोरचूद आणि चुना यांचें निळसर पाणी शिंपडूं लागले. त्या सुमारास द्राक्षांवर केवड्याचा रोग पसरला होता. १८८२ सालीं मिलार्दे नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेस आलें, कीं सर्व मळा रोगानें करपला असतां रस्त्याकडेच्या या निळ्या वेली तेवढ्या हिरव्यागार आहेत. त्यानें प्रयोग करून १८८५ मध्यें आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. तेंच आजचें बोर्डो मिश्रण. चोरासाठीं केलेला उपाय रोगाला लागू पडला! आज एकशें चाळीस वर्षें होऊन गेलीं, तरी डहाणूच्या बागांपासून कोंकणांतील सुपारीच्या बागांपर्यंत या मिश्रणाचा वापर चालूच आहे, आणि त्याचा गुण उतरलेला नाहीं.

पुढें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नव्या धर्तीचीं औषधें आलीं. जुनें औषध पानावर नुसतें बसून राही आणि जोराच्या सरीनें धुपून जाई. नवें औषध पानांत शिरतें, कांहीं अंशीं झाडाच्या रसांतून फिरतें, आणि थोड्या मात्रेंत मोठें काम करतें. शेतकऱ्याला तें वरदानच वाटलें, आणि त्यांत त्याची चूक नव्हती. परंतु या सामर्थ्यातच दुबळेपणा होता. मोरचुदांतील तांबें बुरशीच्या देहांतील अनेक व्यवहार एकदम मोडतें. हा गडाच्या सर्व दरवाजांवर एकाच वेळीं केलेला हल्ला होय. नव्या औषधांपैकीं बहुतेक औषधें मात्र बुरशीच्या एकाच विशिष्ट प्रथिनावर नेम धरतात, म्हणजे एकाच दरवाजावर चालून जातात. तो दरवाजा ज्या बुरशीनें जरासा बदलला, तिच्यापुढें सारें सैन्य निरुपयोगी ठरतें.

याचीं उदाहरणें शोधावीं लागत नाहींत. मेटालॅक्झिल हें औषध फायटोप्थोराच्या कुळावर अत्यंत गुणकारी म्हणून आलें. १९८० च्या हंगामांत आयर्लंड आणि हॉलंड या देशांत बटाट्यावरील फायटोप्थोरा त्याला जुमानीनासा झाला. स्ट्रोबिल्युरिन वर्गाचीं औषधें १९९६ मध्यें युरोपच्या बाजारांत आलीं, आणि १९९८ मध्येंच जर्मनींतील गव्हाच्या भुरीवर तीं निकामी ठरल्याचें दिसून आलें. फार लांब जाण्याचें कारण नाहीं. आपल्या महाराष्ट्रांतील द्राक्षबागांमधील केवड्याच्या बुरशीवर याच स्ट्रोबिल्युरिन वर्गाचें औषध चालत नाहीं, अशी पहिली नोंद २०१६ सालीं प्रसिद्ध झाली; पाठोपाठ सांगलीच्या द्राक्षबागांतून दुसऱ्या एका वर्गाच्या औषधासंबंधींही तशीच नोंद झाली. द्राक्षबागाइतदार हा आपल्याकडील सर्वांत जाणता आणि औषधांवर सर्वांत अधिक खर्च करणारा शेतकरी. तेथें जें झालें तें चिकूच्या बागेंत किंवा मिरचीच्या मळ्यांत होणार नाहीं, असें समजण्यास मुळीच आधार नाहीं.

हें घडतें कसें? पुष्कळांची समजूत अशी असते कीं, बुरशी औषधाला सरावते. अफूबाज अफूला सरावतो, तशी. ही समजूत चुकीची आहे. कोणताही एक बीजाणू सरावत नाहीं. तो मरतो किंवा जगतो. खरी गोष्ट अशी कीं, बुरशीच्या कोट्यवधि बीजाणूंमध्यें एखादा जन्मतःच वेगळा असतो. स्ट्रोबिल्युरिनच्या बाबतींत हा वेगळेपणा किती क्षुल्लक आहे पाहा. बुरशीच्या एका प्रथिनाच्या लांब सांखळींतील १४३ व्या जागीं ग्लायसीन हा घटक असतो. त्याऐवजीं अ‍ॅलॅनीन आला, कीं काम झालें. असा फेरफार औषध जन्मास येण्यापूर्वींही अधूनमधून होतच असणार. पण तेव्हां त्याचा कांहीं लाभ नव्हता. औषध आलें आणि तो लाभाचा झाला.

आतां एक साधा हिशेब करूं. समजा, बागेंत दर १ कोटी सामान्य बीजाणूंमागें औषधाला न जुमानणारा १ बीजाणू आहे. आपलें औषध उत्तम आहे. तें शंभरांतील नव्व्याण्णव सामान्य बीजाणू मारतें. पहिल्या फवारणीनंतर प्रमाण होईल १ लाखास १. उरलेले दोन्ही प्रकार सारखेच वाढले आणि आपण दुसरी फवारणी केली, तर प्रमाण होईल १ हजारास १. तिसरीनंतर १० स १. येथपर्यंत बागाइतदाराला कांहींही वावगें दिसत नाहीं. चौथी फवारणीही बरीचशी लागू पडते; पण तिच्यानंतर प्रमाण उलटतें, आणि एका सामान्य बीजाणूमागें दहा न जुमानणारे उरतात. पांचवी फवारणी केली काय आणि नुसतें पाणी मारलें काय, सारखेंच. प्रत्यक्षांत आंकडे इतके सुबक नसतात, पण गणिताचा ओघ हाच असतो. औषध एकाएकीं निकामी झालें, असें आपण म्हणतों. वस्तुतः तें पहिल्या फवारणीपासूनच निकामी होत होतें, आपल्या डोळ्यांना तें शेवटीं दिसलें इतकेंच. कांहीं वर्गांच्या औषधांत हा ऱ्हास एका उडीनें न होतां पायरीपायरीनें होतो. तेथें तर तो ओळखणें अधिकच कठीण जातें.

औषध लागू पडेनासें झालें, कीं माणूस स्वाभाविकपणें दोन गोष्टी करतो. पहिली, मात्रा वाढवितो. वरचा हिशेब लक्षांत घेतला, तर यांतील धोका दिसेल. सामान्य बुरशी जितकी अधिक निर्दयपणें मारावी, तितकी न जुमानणारीला मोकळी जागा अधिक. लेबलावरील मात्रा ही पुरेशी म्हणूनच ठरविलेली असते. तिच्यापलीकडे ओतलेलें औषध खर्च वाढवितें, माती आणि पाणी नासवितें, आणि वर शत्रूचीच निवड जलद करतें. दुसरी गोष्ट, तो दुकानांतून दुसरा डबा आणतो. परंतु डब्यावरील नांव निराळें म्हणून आंतील औषध निराळ्या कुळाचें असतेंच असें नाहीं. अ‍ॅझॉक्सीस्ट्रोबिन, क्रेसॉक्झिम-मिथाइल आणि पायराक्लोस्ट्रोबिन हीं नांवें ऐकावयास किती वेगळीं! पण तिघांचा नेम एकाच दरवाजावर आहे. एकाला न जुमानणारी बुरशी बहुशः तिघांनाही जुमानीत नाहीं. १९८१ पासून काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय समितीनें औषधांच्या या कुळांना क्रमांक दिले आहेत. वरील तिन्ही औषधें ११ क्रमांकाच्या कुळांतील. दुकानदाराला औषधाचें नांव विचारण्याबरोबर त्याचें कूळ विचारण्याची संवय लागली, तर अर्धी लढाई तेथेंच जिंकली जाईल.

मग उपाय काय? न जुमानणाऱ्या बुरशीचा वांटा किती वेगानें वाढेल, हें मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतें: औषधाच्या अमलाखालीं दोन्ही प्रकारच्या बुरशींच्या वाढींत किती तफावत पडते, आणि ती तफावत किती काळ चालू राहते. जो उपाय ही तफावत किंवा हा काळ कमी करील, तो औषधाचें आयुष्य वाढवील.

पहिला उपाय जोडीचा. एका दरवाजावर नेम धरणारें औषध एकटें न मारतां, तांबें किंवा मॅन्कोझेब यांसारख्या सर्व बाजूंनीं हल्ला करणाऱ्या औषधाची शिफारशीप्रमाणें जोड द्यावी. पहिल्या औषधाला न जुमानणारी बुरशी दुसऱ्याच्या तडाख्यांत सांपडते. कोणतीं औषधें एकत्र करावींत हें मात्र तज्ज्ञालाच विचारावें. मनास येईल तें मनास येईल त्यांत मिसळूं नये. दुसरा उपाय फेरपालटाचा आणि मितव्ययाचा. एका हंगामांत एका कुळाचें औषध एकदोनदांपेक्षां अधिक वापरूं नये, आणि दोन वापरांमध्यें निराळ्या कुळाचें औषध यावें. तिसरा उपाय वेळेचा. रोग चढल्यावर त्याच्या मागें धांवण्यापेक्षां, बीजाणूंची संख्या कमी असतांनाच पान आणि फळ झांकून घ्यावें. चिकूला पावसाळ्याच्या तोंडाशीं एक टक्का बोर्डो मिश्रण देण्याचा हाच हेतु आहे.

हें मिश्रण घरीं करतां येतें. १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना निरनिराळ्या प्लास्टिकच्या किंवा लांकडी भांड्यांत पाण्यांत विरघळवावा, दोन्ही थंड झाल्यावर एकत्र करावीं, आणि सर्व मिळून पाणी १०० लिटर भरावें. स्वच्छ लोखंडी चाकू त्यांत बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला, तर तांबें मोकळें उरलें आहे असें समजून आणखी चुना घालावा, नाहीं तर पानें पोळतात. मिश्रण त्याच दिवशीं संपवावें. अर्थात् बोर्डो म्हणजे सर्वरोगहर मात्रा नव्हे. तें पावसानें धुतलें जातें, आणि वर्षानुवर्षें बेसुमार वापरल्यास तांबें मातींत सांचत जातें.

चौथा उपाय सर्वांत जुना आणि सर्वांत उपेक्षित आहे. औषधाचें काम औषधाविना जितकें होईल तितकें करून घ्यावें. गळलेलीं, सडलेलीं फळें वेंचून बागेबाहेर पुरून टाकावींत. जमिनीला टेंकलेल्या फांद्या छाटाव्या. जुन्या बागांत झाडांचे डोलारे एकमेकांत इतके गुंतलेले असतात कीं ऊन जमिनीला लागत नाहीं. तेथें विरळणी करून वारा खेळता ठेवावा. पाणी तुंबूं देऊं नये. मिरचीचें बीं निरोगी झाडाचें घ्यावें. भाताला करप्यास दाद न देणारें वाण निवडावें, आणि युरियाचा मारा कमी करावा. कारण नत्रानें लुसलुशीत झालेल्या पानावर करपा अधिक येतो. या कामांनीं दोन्ही प्रकारच्या बुरशीची वाढ सारखीच खुंटते, आणि म्हणून यांच्याविरुद्ध औषधासारखा प्रतिकार उत्पन्न होत नाहीं. वाणाची शक्ती मात्र बुरशी कालांतरानें मोडूं शकते, म्हणून तेथेंही एकाच वाणावर सगळें शिवार सोंपवूं नये.

भाताच्या बाबतींत जपानचा अनुभव बोधप्रद आहे. करप्यावर कासुगामायसिन हें औषध तेथें १९६५ मध्यें आलें. १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच न जुमानणारा करपा शेतांत सांपडूं लागला. औषध बंद केल्यावर त्याचा वांटा घटत गेला, कारण औषध नसतांना ही बुरशी आपल्या सामान्य भावंडांपुढें टिकाव धरूं शकेना. तेव्हां गमावलेला गुण कधीं कधीं परत येतो. पण सर्वच औषधांच्या बाबतींत इतकें सुदैव लाभत नाहीं, आणि वापर पुनः बेसुमार झाला तर तो गुण पुनः जातोही लवकर.

आतां या प्रश्नाच्या मुळाशीं असलेली गोष्ट सांगतों. औषधाचा डबा ज्यानें विकत घेतला त्याचा. पण औषधाचा गुण कोणाचा? करप्याचे बीजाणू वाऱ्यावर जातात, त्यांना बांध ठाऊक नसतो. एका बागाइतदारानें आठवड्याआड एकच औषध मारून न जुमानणारी बुरशी निपजविली, तर ती शेजाऱ्याच्या बागेंत जाते. आणि शेजाऱ्यानें तें औषध जन्मांत वापरलेलें नसलें, तरी त्याच्यासाठीं तें निकामी झालेलें असतें. मोठा बागाइतदार एक औषध गेलें तर दुसरें महागडें औषध आणूं शकतो. तलासरीच्या ज्या शेतकऱ्याकडे पाठीवरचा पंपसुद्धां मागून आणलेला आहे, आणि ज्याची ऐपत वर्षांतून एका डब्याची आहे, त्याचा तो एक डबा वाया गेला तर काय? ज्यानें गुण संपविला तो निराळा आणि ज्याला त्याची किंमत मोजावी लागते तो निराळा, असा हा अन्याय आहे. गांवच्या तळ्याचें पाणी सर्वांचें असतें, म्हणून उन्हाळ्यांत तें कोणी किती उपसावें याचे नियम गांव करतें. औषधाचा गुणही असाच सामायिक सांठा आहे. फरक इतकाच कीं त्याची पातळी उतरतांना दिसत नाहीं.

ती दिसावी यासाठीं मोजणी हवी. बागेंतून रोगट पानें व फळें आणून त्यांवरील बीजाणू औषधाच्या ठराविक मात्रेंत वाढवून पाहणें, हें काम प्रयोगशाळेला अवघड नाहीं. डहाणू तालुक्यांत कोसबाड टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे. दापोलीस कोंकण कृषी विद्यापीठ आहे. अशा संस्थांकडे रोगट नमुने वेळच्या वेळीं जात राहिले, आणि त्यावरून ‘यंदा अमुक कुळाचें औषध या पट्ट्यांत कोणीही वापरूं नये’ असा निर्णय बागाइतदारांच्या संघानें आणि ग्रामपंचायतींनीं मिळून घेतला, तर त्याचा लाभ एकेकट्याच्या शहाणपणाहून कितीतरी अधिक होईल. शासनाच्या आदेशापेक्षां शेजाऱ्याशीं केलेला करार अशा कामीं अधिक टिकतो.

शहरांतील श्रोत्यांना वाटेल, यांत आमचा संबंध कोठें आला? संबंध फार निकटचा आहे. कुष्ठरोगावर डॅप्सोन हें एकच औषध वर्षानुवर्षें दिलें गेलें आणि जंतु त्याला जुमानीनासे झाले. म्हणून १९८१ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धत पुरस्कारिली. बागेंतील जोडीचा उपाय आणि रुग्णालयांतील हा उपाय एकाच तत्त्वावर उभे आहेत. याहूनही जवळचें उदाहरण आहे. शेतांतील अ‍ॅझोल वर्गाचीं बुरशीनाशकें आणि माणसाच्या फुफ्फुसांतील बुरशीवर दिलीं जाणारीं अ‍ॅझोल औषधें हीं एकाच कुळांतलीं. औषधाला न जुमानणारी अ‍ॅस्परजिलस बुरशी प्रथम नेदरलँड्समध्यें आणि पुढें आपल्या देशांतही मातींत व रुग्णांत आढळली आहे, आणि तिच्या उत्पत्तीचा माग शेतांतील वापराकडे जातो. शेताचा बांध आणि रुग्णालयाची भिंत यांमधील अंतर आपण समजतों तितकें नाहीं.

म्हणून फळ घेतांना एक डाग पाहून तें फेंकूं नका. निष्कलंक फळाचा आपला हट्ट शेवटीं एका अधिक फवारणीच्या रूपानें बागेंत पोंचतो. आणि घरांत डॉक्टरांनीं दिलेलें औषध अर्धवट सोडतांना, किंवा उरलेलें औषध शेजाऱ्याला देतांना, डहाणूच्या बागेंतील तो एका कोटींतील एक बीजाणू आठवावा. नवें औषध शोधण्यास वर्षें लागतात आणि अफाट पैसा लागतो. तें निकामी करण्यास कधीं कधीं दोन हंगाम पुरतात. जें हातीं आहे तें जपून वापरणें, आणि तें शेजाऱ्याला धरून वापरणें, एवढें मात्र आपल्या स्वाधीन आहे.